सटवाजीचे सात उपास

हैदराबादच्या दवाखान्यातून दर तीन महिन्यांनी सटवाजी पवळेला फोन यायचा, आणि दर तीन महिन्यांनी सटवाजी त्या फोनवर धडधडीत खोटं बोलायचा.

माणूस मुळात खोटारडा नव्हता. निलंगा तालुक्यातल्या त्याच्या गावात कुणालाही विचारा, सटवाजीनं कुणाचा बांध कोरला किंवा शब्द फिरवला असं कुणी सांगणार नाही. पण दवाखान्यातल्या माणसानं 'कसं आहे' विचारलं की 'बरं हाय' म्हणायचं, ही त्याच्या लेखी साधी रीत होती. ज्यांनी आपल्याला मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्यांच्यापुढं पुन्हा कुरकुर कसली करायची? त्यांना वाईट नाही का वाटणार?

फोन करायची बुद्धप्रिया. पोरगी नांदेडची. मराठवाड्यातल्या रुग्णांशी मराठीत बोलायला दवाखान्यानं तिला नेमलं होतं. यंत्राच्या हातांनी ज्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं ती माणसं पुढं कशी जगतात, काय खातात, कशी झोपतात, हे तिथल्या डॉक्टरांना जाणून घ्यायचं होतं. त्यासाठी तिच्याकडं पस्तीस प्रश्न होते, आणि शेवटचा सोडला तर प्रत्येक प्रश्नाला उत्तरं चारच: काहीच नाही, थोडं, बरंच, खूप.

"काका, गेल्या आठवड्यात गिळताना त्रास झाला का?"

"काहीच न्हाई."

"आवो, परवा भाकरीचा तुकडा आडकला तवा डोळे पांढरे झालते की!" स्वयंपाकघरातून अयोध्याबाई ओरडली. ही सटवाजीची बायको.

"कोण बोलतंय, काका?"

"टीव्ही लागलाय. तुमी विचारा बाई."

"तोंड कोरडं पडतं का?"

सटवाजीनं शेजारच्या बाटलीतून एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला आणि मग म्हणाला, "न्हाई."

"खांदा दुखतो का?"

"खांद्याला काय झालंय? बैलावानी हाय खांदा."

"रात्री कुशीवर वळताना कण्हतंय त्ये कोण मग?" टीव्ही पुन्हा बोलला.

असं करत करत गाडी एकोणतिसाव्या प्रश्नावर यायची. "चार माणसांत बसून जेवायला अवघड वाटतं का?" इथं मात्र सटवाजी दर वेळी थोडा थांबायचा. बाटलीचं झाकण लावायचा, पुन्हा काढायचा.

"काहीच न्हाई," तो म्हणायचा.

आणि या एका उत्तरावर स्वयंपाकघरातून कधीच काही ऐकू यायचं नाही.

हा एकोणतिसावा प्रश्न सटवाजीला का झोंबायचा, ते कळायला त्याचे आधीचे दिवस माहीत हवेत. सहा एकर रान, त्यात सोयाबीन, तूर आणि रब्बीला हरभरा. शेतकरी म्हणून तो चारचौघांसारखाच. पण पंक्तीत वाढायला उभा राहिला की सटवाजीसारखा सटवाजीच. लग्न कुणाचंही असो, बारसं असो, सप्त्याचा महाप्रसाद असो, कमरेला उपरणं आवळून तो बुंदीची परात घेऊन पंक्तीत उतरला की भल्याभल्यांना पळता भुई थोडी व्हायची. एखादा 'पुरे पुरे' म्हणून ताटावर हात आडवा धरायचा. सटवाजी त्या हातावरच बुंदी वाढायचा. आता हातावरची बुंदी खाली टाकता येते थोडीच? 'खाय गड्या, घरी काय तुझी वाट बघून राहिलंय?' असं म्हणून तो पुढच्या ताटाकडं वळायचा. सगळं गाव जेवलं की शेवटच्या पंक्तीला वाढप्यांना घेऊन स्वतः बसायचा, आणि ती पंगत सगळ्यात मोठ्यानं हसायची.

याच माणसाच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. तंबाखूची चंची पंचवीस वर्षं खिशात होती, तिनं आपलं काम केलं होतं. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून हैदराबादला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, जबडा फोडायचा नाही, तोंडातूनच यंत्राचे बारीक हात आत घालून गाठ काढू. मानेतल्या गाठी मात्र बाहेरून छेद घेऊन काढाव्या लागतील. पोळा झाला आणि ऑपरेशन झालं. पुढं दिवाळीपर्यंत रोज किरणांचे शेक घेतले. नाकातली नळी दोन महिने होती.

गावात बातमी पसरली की सटवाजीला रोबोटनं कापलं. मारुतीच्या पारावर त्यावर दोन आठवडे चर्चा झाली. व्यंकटीचं, म्हणजे सटवाजीच्या शेताशेजारच्या दोस्ताचं, म्हणणं असं की लोखंडी माणूस खाटेशी येऊन उभा राहत असणार. सटवाजी परत आला तेव्हा त्याला पहिला प्रश्न हाच.

"काय बोलला का रं त्यो तुझ्यासंगं?"

"मी भुलीत व्हतो. पर डॉक्टरनं फोटू दाखवला. डॉक्टर एका कोपऱ्यात बसतोय, डब्यात तोंड खुपसून. त्यो हिकडं बोट हलीवतोय आन् तिकडं माझ्या घशात यंत्राचा हात हलतोय."

"म्हंजी डॉक्टरनं तुला हातबी लावला न्हाई?"

"तसंच म्हण की."

व्यंकटीला हे अजिबात पटलं नाही. एवढ्या लांब जाऊन डॉक्टरनं हातसुद्धा लावू नये म्हणजे काय?

गाठ गेली ती गेलीच. दर तपासणीला डॉक्टर खूश. आवाज जरा नाकातून यायचा, पण कळायचा. चव वर्षभरानं हळूहळू परतली. आधी आंबट, मग खारट, आणि सगळ्यात शेवटी गोड. ज्या दिवशी चहात साखर कळली त्या दिवशी सटवाजीनं चार कप चहा प्यायला आणि गोठ्यातल्या गाईलाही गूळ चारला. एकूण दुःख करत बसावं असं काही नव्हतं. फक्त गिळायचं तंत्र बदललं होतं. घास लहान, हनुवटी खाली छातीशी, एकदा गिळायचं, पुन्हा गिळायचं, हळूच खाकरायचं, मग पुढचा घास. एक भाकरी संपायला पाऊण तास. आणि पाण्यासारखं पातळ काही घाईनं घेतलं तर ते सरळ नाकातून बाहेर.

ते एकदाच चारचौघांत झालं. नळी निघून महिनाच झाला होता. व्यंकटीच्या नातवाचं जावळ होतं. सटवाजी हौसेनं पंक्तीत बसला आणि वरणाचा भुरका मारला. वरण नाकातून आलं. शेजारी बसलेल्या पाहुण्यानं फक्त आपलं ताट हळूच वीतभर पलीकडं सरकवलं.

वीतभरच. पण ज्यानं तीस वर्षं गावाला जेवू घातलं, त्याच्यापासून ताट दूर गेलं होतं. सटवाजी उठला, हात धुतला आणि त्यानंतर दोन वर्षं माणसांत जेवला नाही. घरातसुद्धा नाही. ताट घेऊन मागच्या गोठ्यात जायचा आणि गाईकडं तोंड करून जेवायचा. अयोध्याबाई चुलीशी बसून कान तिकडं लावायची. खोकला आला की तिच्या हातातला घास तसाच थांबायचा. थांबला की ती जेवायची. असं दोन वर्षं दोघंही अर्धपोटी जेवत होते आणि एकमेकांना 'पोटभर झालं' म्हणत होते.

गावासाठी सटवाजीनं उपास काढले. कुणी जेवायला बोलावलं की म्हणायचा, "आज सोमवार, महादेवाचा उपास हाय." मग मंगळवार देवीचा झाला. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. शुक्रवारी लक्ष्मी होतीच. बुधवारी जरा पंचाईत आली, तर तो पांडुरंगाच्या नावे केला. लोक केळी, शाबूची खिचडी पुढं करू लागले, तेव्हा त्यानं जाहीर केलं की आपले उपास निरंकार आहेत. अंगानं तो वाळला होता, त्यामुळं लोकांना पटलं. एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठलेला माणूस देवाकडं वळला, यात नवल ते काय! पारावरची माणसं त्याला 'महाराज' म्हणायला लागली. एका म्हातारीनं तर नातवाच्या डोक्यावर हात ठेवा म्हणून गळ घातली. सटवाजीनं ठेवला. काय करणार?

हे सगळं असंच निभावलंही असतं. पण लेकीचं लग्न झालं आणि भगवानराव इवाई, म्हणजे व्याही, मिळाले.

भगवानराव मुरुडचे. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी करून निवृत्त झालेले. आवाज असा की लातूरच्या स्टँडवर बोलले तर औशाला ऐकू जावा. मनाला लागलेलं सोडायचं नाही आणि वार-तारीख विसरायची नाही, अशा दोन्ही खोडी त्यांना होत्या. लग्नात इवाया-इवायांनी पाटाला पाट लावून बसायचं आणि एकमेकांना घास भरवायचा, ही तिकडची रीत. सटवाजीनं 'गुरुवार हाय' म्हणून हात जोडले. भगवानरावांनी वार ध्यानात ठेवला. दिवाळीला सटवाजी लेकीला आणायला मुराळी म्हणून मुरुडला गेला. तिथं इहिणीनं पुरणपोळीचं ताट वाढलं. 'बुधवार हाय,' म्हणून सटवाजी नुसता पाटावर बसून उठला. मधे एकदा रविवारी गेला तेव्हा खंडोबा आडवा आला.

येळवस आठ दिवसांवर आली तेव्हा लेकीचा, सुकन्याचा, फोन आला.

"आप्पा, येळवशीला आमी समदेच येऊन राहिलो."

"या की! लेकीची पैली येळवस. या."

"आप्पा, मामंजी काय म्हणले सांगू का? म्हणले, तुझ्या बापाला आमचं मीठ चालंना. हे उपास समदे आमच्याच दारात येतेत का? येळवशीला सटवाजीराव ताटाला ताट लावून बसले तर मी बसीन, न्हाई तर आल्या पावली माघारी जाईन, आन् पुन्हा त्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाई." सुकन्याचा आवाज बारीक झाला. "खरं काय त्ये सांगू का मी त्यांला? ऑपरेशनचं तर ठाव हाय त्यांला."

"सांगितलंस तर माझी शपथ हाय तुला."

"मग बसा जेवायला."

फोन ठेवून सटवाजी ओसरीवर बसला. आता येळवस म्हणजे काय, हे लातूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी गावात चूल पेटत नाही, दुकानं उघडत नाहीत, सगळं गाव रानात. शेतात कडब्याची कोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची आणि दिसेल त्याला बोलावून जेवू घालायचं. त्या दिवशी उपास नसतो. असूच शकत नाही. रानातली लक्ष्मी जेवणाऱ्याकडं बघते म्हणतात. सगळे देव पणाला लावले तरी येळवशीचा उपास गावात कुणाला पटला नसता.

"वाढायला मीच ऱ्हातो," शेवटी त्यानं बायकोला सांगितलं. "शेवटापतुर वाढत ऱ्हायचं. घाईगडबडीत कोण बघतंय मी जेवलो का न्हाई?"

"इवाई बघतील," अयोध्याबाई म्हणाली. "त्यांचा तर जलमच गेलाय माणसं मोजण्यात."

पण तिनं वाद घातला नाही. तिनं आंबील लावली. ज्वारीचं पीठ ताकात भिजवून मोठ्या मडक्यात, म्हणजे बिंदगीत, तीन दिवस आंबवली. आणि शेजारी एका लहान मडक्यात थोडी वेगळी केली: घट्ट, बिनमिरचीची, लसूण वाटून गाळून घेतलेला. सटवाजीनं विचारलं, ही कशाला? ती म्हणाली, "असू द्या. लागली तर लागली."

येळवशीचा दिवस उजाडला. हरभरा घाट्यावर आलेला, करडई फुलायच्या बेतात, हवेत गारवा. रस्त्यावर डोक्यावर रंगवलेल्या बिंदग्या घेतलेल्या बायकांची रांग लागली होती. दहाच्या सुमारास भगवानरावांची जीप बांधाशी आली. ते उतरले, मागून त्यांची बायको, जावई शिवम आणि हिरव्या साडीतली सुकन्या. पांढऱ्याशुभ्र धोतरात भगवानराव कोपीकडं निघाले आणि हात जोडत जोडतच म्हणाले, "राम राम, सटवाजीराव. आज कोणता वार?"

"शुक्रवार," सटवाजी पुटपुटला.

"मग लक्ष्मीचा उपास असंल."

"न्हाई, आज येळवस की."

"बरं झालं, ध्यानात हाय तुमच्या."

पूजा झाली. सटवाजीनं तांब्यात आंबील घेऊन पळसाच्या पानानं रानाच्या कडंनं शिंपडली, 'ओलगे ओलगे' म्हणत. पूर्वी त्याची आरोळी तीन शेतं पलीकडं जायची. आता एक शेत पलीकडं गेली. तरी व्यंकटीनं आपल्या रानातून ओ दिली, तेव्हा सटवाजीला बरं वाटलं. ताटं मांडली गेली. सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शेंगदाण्याच्या पोळ्या. सटवाजीनं कमरेला उपरणं आवळलं आणि भज्जीचं पातेलं उचललं.

भगवानरावांनी ते पातेलं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि शिवमच्या हातात दिलं.

"तुमचे जावई वाढतील. तुमी बसा. चला, सरका पुढं, जागा हाय."

पळायला वाट नव्हती. सुकन्या आईच्या मागं उभी राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्याकडं बघून सटवाजी बसला. ताटाला ताट लागलं. भगवानरावांनी खिरीचा घास उचलून त्याच्या तोंडाशी नेला. लग्नातला राहिलेला घास होता तो. सटवाजीनं हनुवटी खाली घेऊन तो कसाबसा गिळला. दोनदा गिळला. मग आपल्या हातानं इवायाला घास दिला. सुकन्या हसली. इथंच थांबलं असतं तरी चाललं असतं.

अयोध्याबाई लहान मडकं घेऊन पुढं आली. पण सटवाजीला वाटलं, सगळ्यांत आपलं एकट्याचं वेगळं मडकं बघून इवाई विचारणार. त्यानं डोळ्यानंच तिला माघारी धाडलं आणि शिवमनं वाटीत ओतलेली बिंदगीतली पातळ आंबील उचलली. भगवानरावांनी एका दमात वाटी रिकामी केली होती. सटवाजीनंही मोठा घोट घेतला.

ती नाकातून आली. थोडीथोडकी नाही. खोकल्याची उबळ आली आणि त्यासरशी आंबील सटवाजीच्या सदऱ्यावर, त्याच्या ताटात आणि भगवानरावांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर.

सटवाजीनं खाली मान घालून उपरण्यानं तोंड पुसलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते खोकल्याचं की कशाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याची नजर शेजारच्या ताटावर होती. आता ते सरकणार, हे त्याला ठाऊक होतं. तो उठायला लागला.

"बसा," भगवानराव म्हणाले.

"माफ करा, पाव्हणं. धोतर..."

"धोतराला काय धाड भरलीय? बसा म्हणतो न्हवं! किती दिसांपासून हाय हे?"

बोलली अयोध्याबाई. दोन वर्षं एकोणतिसाव्या प्रश्नावर गप्प राहिलेली बाई एकदाची बोलली. "ऑपरेशन झाल्यापासनं हाय. उपास न्हाईत न् काय न्हाईत. गोठ्यात बसून जेवतेत, गाईसंगं. माणसांत बसायची लाज वाटती त्यांला."

भगवानरावांचा चेहरा लाल झाला. सुकन्यानं डोळे मिटून घेतले.

"आठ म्हैने!" ते गरजले. शेजारच्या रानातली माणसं वळून बघू लागली. "आठ म्हैने मी मनात कुढून राहिलो, की माणसाला आपलं अन्न चालंना. बायकोला म्हणलं, आपून काय चुकलो? आन् ह्ये? येवढ्यासाठी? आवो, माझा बाप तीन वरीस अर्धांगानं खाटंवर व्हता. ह्या हातानं चारलंय मी त्याला. नाकातनं, कानातनं, कुठनंबी येऊ द्या! सांगायचं न्हाई व्हय? इवाई हाव का परका हाव मी?"

असं म्हणून त्यांनी आपलं ताट धरलं आणि सरकवलं. सटवाजीकडं. मघाशी खोकल्याच्या धक्क्यानं दोन ताटांत बोटभर फट पडली होती, ती बुजली. ताटावर ताट आपटल्याचा आवाज झाला.

सटवाजीला रडू आलं. दोन वर्षं ज्या वीतभर अंतरानं त्याला गोठ्यात बसवलं होतं, ते एका झटक्यात गेलं. तो लहान पोरासारखा रडला आणि कुणीही त्याला गप्प केलं नाही.

"झालं?" थोड्या वेळानं भगवानराव म्हणाले. "आता सांगा, कसं गिळायचं असतंय त्ये?"

सटवाजीनं नाक पुसलं आणि दाखवलं. "घास बारका. हनुवटी छातीला. येकदा गिळायचं. पुन्हा गिळायचं. मग खाकरायचं."

"असं?" भगवानरावांनी घास घेतला, हनुवटी छातीला लावली, दोनदा गिळलं आणि स्टँडभर ऐकू जाईल असं खाकरले. "बराबर?"

"जरा हळू खाकरायचं असतंय."

मग शिवमनंही करून पाहिलं. इहीणबाई आधी हसल्या, मग त्यांनीही केलं. अयोध्याबाईनं लहान मडक्यातली घट्ट आंबील सटवाजीच्या वाटीत ओतली, आणि भगवानराव म्हणाले, "मलाबी तीच द्या, बघू तरी." दीड तास ती पंगत चालली. बोलणं चालू, घास चालू, मधूनच सगळ्यांच्या हनुवट्या खाली. कुणी 'आणखी घ्या' म्हणालं नाही, कुणी उठायची घाई केली नाही. आग्रह न करताही माणसाला जेवू घालता येतं, हे सटवाजीला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, आणि हातावर वाढलेल्या बुंदीची त्याला जरा शरम वाटली.

दर येळवशीप्रमाणं व्यंकटी आंबील प्यायला बांध ओलांडून आला तेव्हा कोपीतली सगळी माणसं माना खाली घालून बसली होती. तो दारातच थबकला. त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि दबक्या आवाजात विचारलं, "महाराज, ही कोणती पूजा म्हणायची?"

"बस गड्या," सटवाजी म्हणाला. "हनुवटी खाली घे."

"आन् तुमचा उपास?"

"सुटला."

"कोणता?"

"सातीबी."

अयोध्याबाई त्या दिवशी नवऱ्याच्या समोर बसून जेवली. पहिल्यांदाच तिला कान लावावा लागला नाही. तिनं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सोमवारी बुद्धप्रियाचा फोन आला. सटवाजी ओसरीवर बसला होता. बाटली शेजारी होती.

"काका, गिळताना त्रास झाला का?"

"बराच."

स्वयंपाकघरात भांडं वाजायचं थांबलं.

"तोंड कोरडं पडतं?"

"खूप. बाटलीबिगर हलता येईना बगा."

"खांदा?"

"बरंच दुखतंय. रात्रीचं लई."

बुद्धप्रिया लिहीत गेली आणि गोंधळत गेली. एकोणतिसाव्या प्रश्नाला सटवाजी थांबला नाही. "थोडं," तो म्हणाला. "थोडं अवघड वाटतंय आजून."

"काका, एक मिनिट." तिचा आवाज काळजीचा झाला. "मागच्या वेळी तुम्ही सगळ्याला 'काहीच नाही' सांगितलं होतं. एकदम इतका त्रास वाढला का? डॉक्टरांना दाखवू का मी हे?"

"वाढला न्हाई, बाई. कमी झाला."

"म्हणजे?"

"फोनवर न्हाई सांगता यायचं त्ये," सटवाजी म्हणाला. बुद्धप्रियानंही जास्त ताणलं नाही. "बरं, शेवटचा प्रश्न. एकूण जगणं कसं चाललंय? एक ते सात यात सांगा. सात म्हणजे उत्तम." या प्रश्नाला तो दर वेळी विचार न करता सात सांगायचा.

या वेळी त्यानं विचार केला. गोठ्यात गाय रवंथ करत होती. तीन दिवसांत तिला जेवताना सोबत मिळाली नव्हती.

"पाच लिवा," तो म्हणाला. "दोन ऱ्हाऊ द्या. बाजरीचा उंडा आजून खाली उतरंना."

"पाच," तिनं लिहिलं. "खाली एक रिकामी ओळ असते, काका. आणखी काही सांगायचं असेल तर. तुम्ही कधी काही सांगत नाही, म्हणून मी ती सोडूनच देते."

"आज सोडू नका."

"काय लिहू?"

सटवाजीनं एकदा स्वयंपाकघराकडं पाहिलं. अयोध्याबाई दारात येऊन उभी होती, ओला हात पदराला पुसत.

"लिवा," तो म्हणाला, "इवायाच्या ताटाला ताट लावून जेवलो."